तरंगतो त्याला गोंद धरत नाही

शालनबाईंशी माझं पहिलं भांडण झालं ते माझ्याच बाथरूममध्ये. आम्ही मोशीतल्या मधुरांगण सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. बेसिनखालचा पाईप गळत होता आणि प्लंबर फोन उचलत नव्हता. तेवढ्यात दार उघडंच होतं म्हणून एक सहासष्ट वर्षांच्या बाई थेट आत आल्या. अंगावर सुती पातळ, पायांत नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज. पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून त्यांनी पाईपाला करकचून गुंडाळली आणि हात धुतले.

मी चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. असले जुगाड पाहिले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "आजी, हे तात्पुरतं झालं," मी म्हणालो.

"तात्पुरतं म्हंजी किती?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा दिवस."

"मग सातव्या दिशी या माझ्याकडं. एकशे तीन नंबर."

त्याला आता तीन वर्षं झाली. पट्टी अजून तिथेच आहे आणि माझी बायको वर्षाली पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवते.

तर या शालनबाई. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी त्यांच्याच घरची. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात तीन फ्लॅट आले, त्यातल्या एकात त्या आणि त्यांचे यजमान मारुतराव राहतात. मारुतराव शांत गृहस्थ. सकाळी गाडी पुसतात, दुपारी बातम्या पाहतात, संध्याकाळी पुन्हा गाडी पुसतात. बाईंना मात्र बसवत नाही. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या टाकीचा बॉल अडकतो, कुणाचा फ्लश रात्रंदिवस वाहतो, याची खबर त्यांना वॉचमनच्या आधी लागते. चाळीस वर्षं शेताला पाणी दिलेला माणूस. पाणी वाया जाताना दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटते.

आणि सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात त्यांच्या शेतातली विहीर अजून होती. बिल्डरने वर लोखंडी जाळी टाकून ती तशीच ठेवली होती. आत जुनी मोटर होती, काळा पाईप होता, आणि रोज संध्याकाळी शालनबाई मोटर लावून कोपऱ्यातल्या चार केळींना पाणी सोडायच्या. बाकी कुणाला त्या विहिरीचा काही उपयोग नव्हता. मला तर नव्हताच.

मला हवं होतं पार्किंग. चौऱ्याऐंशी फ्लॅट आणि जागा सत्तर गाड्यांची. मी सेक्रेटरी असूनही माझी गाडी रस्त्यावर उभी असते आणि आठवड्यातून एकदा तिच्यावर कुणीतरी बोटाने 'धुवा' लिहून जातं. विहीर बुजवली तर नऊ गाड्या सहज बसतात, हे मी स्वतः टेप लावून मोजलं होतं. सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडला. अध्यक्ष ज्ञानदेव काळोखे यांनी तो उचलून धरला. आणि हात वर करा म्हटल्यावर सगळ्यात पहिला हात वर गेला तो मारुतरावांचा. त्यांची मोठी गाडी गेटजवळ अवघडून उभी असायची, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

शालनबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि उभ्या राहिल्या.

"बुजवू नका," त्या म्हणाल्या. "त्यात पानी हाय."

"आजी, पाणी आहे पण उपयोग काय?" अध्यक्ष म्हणाले.

"समद्या घरांत फ्लशला टँकरचं पानी वततासा. हेच पानी गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत चढवते. चढलं तर इहीर ऱ्हाऊ द्या. न्हाई चढलं तर बुजवा, मी त्वांड उघडनार न्हाई."

सभेला गंमत वाटली. गच्चीवर फ्लशची वेगळी टाकी होती आणि तिच्याकडे जाणारा हिरवा पाईप बिल्डरने जमिनीपासून वर टाकूनही ठेवला होता, पण तो कधी कशालाच जोडला गेला नाही. विहिरीचा काळा पाईप त्या हिरव्या पाईपापर्यंत न्यायचा आणि जोडायचा, एवढंच काम. पुढच्या रविवारी अकरा वाजेपर्यंत मुदत दिली, त्याच वेळी पुन्हा सभा भरून निकाल होणार होता. सोमवारी राडारोडा घेऊन ट्रक येणार होते, ते मी आधीच ठरवून ठेवले होते. बाई काही जमवत नाहीत अशी माझी पक्की खात्री होती.

शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. बघतो तर कंपाउंडच्या भिंतीशी छोटी गॅसची शेगडी पेटवून बाई पांढऱ्या पाईपाचं टोक तापवतायत. शेतातली जुनी रीत. पीव्हीसी पाईप तापवून मऊ करायचा, दुसऱ्याच्या टोकावर दाबून बसवायचा, गार झाला की तो आवळून धरतो. वर थोडं चिकटवायचं सोल्युशन, वर रबरपट्टी, झालं. त्यांनी पांढऱ्या पाईपाचा हातभर तुकडा मध्ये घेतला होता. त्याचं एक तोंड तापवून काळ्यावर चढवलं आणि दुसरं हिरव्यावर. हिरव्याला तर अर्धा डबा सोल्युशन फासलं.

"धरेल?" मी विचारलं.

"आमच्या उसात अशे तीस जोड व्हते."

अध्यक्ष काळोखे त्याच वेळी साखरपुड्याला निघाले होते. पांढराशुभ्र सफारी, खिशाला पेन, हातात आहेराचं पाकीट. काय चाललंय ते पाहायला ते हिरव्या पाईपाशी वाकले आणि बाईंनी मोटर लावली.

पहिली दोन मिनिटं फार छान गेली. काळा पाईप ताठ झाला, पाणी वर चढायला लागलं, बाईंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग हिरव्यावरचं तोंड असं सुटलं की पाणी नेमकं अध्यक्षांच्या छातीवर. मोटर बंद करेपर्यंत साखरपुड्याची पुरती आंघोळ झाली होती. पाकीट झटकत काळोखे पुन्हा लिफ्टकडे गेले, आणि मला हसू आवरेना, हे मी कबूल करतो.

शालनबाई हसल्या नाहीत. सुटलेलं टोक हातात घेऊन त्या बघत राहिल्या. हिरव्या पाईपावर सोल्युशनचा थर वाळला होता. त्यांनी नखाने ओढला तर तो सालीसारखा अखंड निघून आला.

"चिकाटलंच न्हाई की हो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. तो ऐकून मला उगाच अपराधी वाटलं. मी म्हणालो, "चला, दुकानात विचारू."

माझ्या स्कूटरवर मागे बसून, पिशवीत तिन्ही पाईपांचे वीतभर तुकडे घेऊन त्या निघाल्या. आळंदी रस्त्याला बिल्किसचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. तिचा नवरा चांदभाई शेजारच्या गाळ्यात जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करतो. दुकान मात्र तिचं, आणि ते ती एकटी चालवते. तिच्याकडे गिऱ्हाईकाने "पाऊण इंची एल्बो द्या" म्हटलं की ती हात पुढे करून एकच शब्द बोलते, "तुकडा?" तुकडा आणला नसेल तर माल मिळत नाही. चुकीचा माल नेऊन लोक परत येतात आणि मग डोकं खातात, असं तिचं म्हणणं.

शालनबाईंनी तिन्ही तुकडे काउंटरवर मांडले आणि झालेली सगळी हकीगत सांगितली. बिल्किसने ब्लेडने प्रत्येकाचा एक-एक कपचा काढला, स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि तिन्ही कपचे त्यात टाकले. मग बोटाने एकेक खाली दाबला. पांढरा तळाला जाऊन बसला. काळा वर आला. हिरवाही वर आला. तिने ते दोन्ही पुन्हा दाबले, ते पुन्हा वर आले.

"बघा मावशी," ती म्हणाली. "बुडला तो पीव्हीसी. सोल्युशन त्याला थोडं विरघळवतं आणि एकजीव करतं. हे दोघं तरंगणारे. जो तरंगतो त्याला दुनियेतला कुठलाच गोंद धरत नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं, आत काहीच नसतं."

"मग शेतात कसं धरलं?" शालनबाई अडून बसल्या.

"शेतात पाईपाचं तोंड मोकळं होतं ना? पाणी आलं, सरीत गेलं. जोर कुठंच नाही. इथं पाण्याला सात मजले चढायचेत. ते सगळं पाणी तुमच्या जोडावर बसतं."

मी तो हिरवा तुकडा हातात घेतला. आमच्या कंपनीत गाड्यांचे बंपर बनतात. हिरवा पाईप ज्या जातीचा, बंपरही त्याच जातीच्या प्लास्टिकचा. पंधरा वर्षं मी त्या प्लास्टिकचे रिपोर्ट लिहितो आणि रंग देण्याआधी त्याला कायकाय करावं लागतं ते मला तोंडपाठ आहे, कारण साधा रंगही त्याला धरत नाही. हे शनिवारी सकाळी माझ्या डोक्यात का आलं नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणजे आहे, पण ते पार्किंगकडे जातं.

"मग जोडायचं कशानं?" शालनबाईंनी विचारलं.

"काळ्याला नट आवळून बसणारा जोड लागतो, त्याच्या एका तोंडाला आटे असतात. हिरव्याला पाईपावर चढणारा हिरवाच सॉकेट, तो मशीनवर तापवून लावायचा. त्याच्या दुसऱ्या तोंडाला आतून पितळेचे आटे. काळ्याचे आटे त्या पितळेत फिरवायचे. गोंदाचा थेंब नको."

"तापवून तर मी बी जोडते!"

"तुम्ही एकालाच तापवता मावशी. वरचा मऊ आणि आतला गार. तो नुसता आवळून धरतो. इथं पाईप बाहेरून आणि सॉकेट आतून, दोन्ही एकदम तापवायचे आणि दोन्ही मऊ असतानाच घालायचे. मग जोड राहतच नाही, एकच पाईप होतो."

शालनबाईंनी ग्लासातला हिरवा कपचा स्वतः दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "मला दाव."

रविवारी नऊ वाजता बिल्किस दुकान चांदभाईच्या हवाली करून मशीनसकट सोसायटीत हजर झाली. मशीन म्हणजे इस्त्रीच्या मावसभावासारखं प्रकरण. मूठ, सपाट पट्टी आणि पट्टीच्या दोन बाजूंना दोन टोप्या. एकीत पाईप जातो, दुसरीवर सॉकेट बसतो. बिल्किसने आधी एक रद्दी तुकडा शालनबाईंच्या हातात दिला. "आठपर्यंत मोजायचं. काढायचं, सरळ घालायचं आणि हलवायचं नाही."

बाईंनी आठ मोजले, काढलं, घातलं आणि सवयीने पिळलं.

"फिरवू नका!" बिल्किस ओरडली.

तुकडा वाया गेला. बाईंनी जीभ चावली. दुसरा घेतला, तोही तिरका गेला. तिसरा सरळ बसला आणि कडेने मऊ प्लास्टिकचं गोल कडं वर आलं. बिल्किसने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "आता खरा तुम्हीच लावा."

"मी?" शालनबाई म्हणाल्या. "तूच लाव की. चुकलं तर इहीर जाईल माझी."

"चुकणार नाही. आणि सहा महिन्यांनी परत निघाला तर मी रोज यायची का इथं?"

आता सभेला माणसं जमायला लागली होती. काळोखे आज साध्या टी-शर्टात आले आणि पाईपापासून वीस फुटांवर उभे राहिले. शालनबाई भिंतीशी गुडघे टेकून बसल्या. मोठ्याने आठ मोजले. काढलं, घातलं, आणि दोन्ही हातांनी धरून दगडासारख्या स्थिर बसल्या. बिल्किसने मोबाईलवर वेळ लावली होती.

"करा चालू, अकरा वाजले," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाच मिनिटं गार होऊ द्या," बिल्किस म्हणाली. "सात मजल्यांचं काम आहे, चहा नाही."

पाच मिनिटं झाली. काळ्या पाईपाचा नट आवळला, आट्यांवर टेप गुंडाळून ते पितळेत फिरवले. मी घरून आणलेला कोरडा वर्तमानपत्राचा कागद जोडाभोवती बांधला. गळलं तर कागद सांगेल, हा आमच्या कंपनीतला साधा उपाय. खरं सांगतो, कागद बांधताना माझ्याच मनाला कळेना की तो ओला व्हावा असं मला वाटतंय की कोरडा राहावा.

मोटर लागली. काळा पाईप ताठ झाला आणि एकदा उडी मारून पुन्हा जमिनीवर टेकला. हिरव्या पाईपात हवा फुसफुसत वर गेली. कागद कोरडा. अर्ध्या मिनिटाने बिल्किसने जोडावर हात ठेवला आणि मान हलवली. सगळे वर बघत होते. गच्चीवर चारशे दोनमधली तेजस्विनी टाकीचं झाकण उघडून उभी होती. खूप वेळ काहीच नाही. मग तिने कठड्यावरून वाकून ओरडून सांगितलं, "आलं! गढूळ आहे, पण जोरात आलं!"

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, हे मलाच अनपेक्षित होतं. पण सभा ती सभा. चारशे एकवाले उठले आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण उन्हाळ्यात विहीर आटली की काय करायचं? उगाच नऊ गाड्यांची जागा अडवून ठेवायची?"

सगळ्यांनी शालनबाईंकडे पाहिलं. 'कधी आटत नाही' एवढं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं, तपासायला कोण जातंय?

"आटती," शालनबाई म्हणाल्या. "एप्रिल संपता संपता तळाला जाती. मंग जूनच्या मधापतुर न्हाई. दहा महिनं देती, दोन महिनं न्हाई देत."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. हात वर करायची वेळ आली. विहीर ठेवा म्हणणाऱ्यांचे मी मोजत गेलो. छत्तीस, सदतीस, अडतीस. बुजवा म्हणणारे तेहतीस. मोजून झाल्यावर वर्षालीने मला कोपराने ढोसलं, कारण मी माझा स्वतःचा हात मोजलाच नव्हता आणि तो वर होता. एकोणचाळीस. माझी गाडी आता जन्मभर रस्त्यावर.

काळोख्यांना वातावरण गोड करायचं होतं. ते पुढे आले आणि भाषणाच्या सुरात म्हणाले, "मंडळी, विहीर राहतेय तर तिला नाव देऊ या. मारुतरावांच्या पूर्वजांची ही जमीन, सातबाऱ्यावर विहिरीची नोंदही मारुतरावांच्याच नावाने आहे. 'मारुतराव विहीर' असा छान बोर्ड करून लावू."

पुन्हा टाळ्या. मारुतराव मागच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले. सभेत ते उठून बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"माजं नाव नगं," ते म्हणाले.

"अहो, असू द्या की," काळोखे म्हणाले.

"नगं म्हनतो ना. आमचं लगीन झालं त्याच साली इहीर खांदली. मी तवा पिंपरीच्या कंपनीत लागल्यालो. सायकलीवर जायाचो, सायकलीवर यायाचो, आल्यावर झोपायाचो. खाली खांदायला माजा बाप आन् दोन गडी. वर माती-दगूड वाहायला ही." त्यांनी बायकोकडे बोट केलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "पंचेचाळीस फूट. आन् थोरला पोटात व्हता, सातवा म्हैना चालू व्हता. म्या एक घमेलं उचाललं न्हाई. नोंद मातर माज्या नावानं झाली. आजवर कुनाला बोललो न्हाई, हिला बी न्हाई. आन् मागल्या रविवारी बुजवायला पयला हात वर केला, त्यो बी माजाच."

बिल्किस मशीनची वायर गुंडाळता गुंडाळता थांबली. मला माझा टेप आठवला, ज्याने मी नऊ गाड्यांची जागा मोजली होती, आणि लाज वाटली.

शालनबाई अजून भिंतीशी बसल्या होत्या, तळवे मातीने भरलेले. इतकी वर्षं त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. मारुतराव टोपी फिरवत उभेच होते.

"सातवा न्हाई, सहावा," शालनबाई शेवटी म्हणाल्या. "सातव्यात पानी लागलं."